अहिल्याबाईंची वर्गणी

"काय करायलीस गं?"

भिंतीपलीकडून एवढं आलं की समजावं, काकूंच्या पोटात काहीतरी मावत नाहीये. मी कपड्यांची बादली तिथंच ठेवली. महिला भजनी मंडळाबरोबर ट्रॅव्हल्सनं ओंकारेश्वर, महेश्वर, उज्जैन करून काकू आदल्या रात्रीच हिंगोलीत परत आल्या होत्या. आज दुपारपर्यंत झोपतील असा आमचा अंदाज. पण सातलाच त्या कंपाउंडपाशी हजर, आणि हातात हळकुंड. शेतातली हळद शिजून घरापुरती आलेली, जुन्या लुगड्यावर वाळत घातलेली. त्यातलं एकेक उचलून त्या मोडून बघत होत्या. कडकन मोडलं तर वाळलं, नुसतं वाकलं तर अजून ऊन पाहिजे. पुढचं सगळं बोलणं असं मोडत मोडत झालं.

"प्रसाद देते. आधी सांग, ती पोरं तुझ्याकडं आलती का?"

"कोणती पोरं?"

"वर्गणीवाली. चौकात अहिल्यादेवींचा पुतळा बसवायचाय म्हणं. पावतीपुस्तक घेऊन फिरायलेत. मी नव्हते तवा आमच्या ह्यांना गाठलं. हे म्हणले, बायको तिकडं महेश्वरला बाईंचा पुतळाच बघायला गेली, आली की विचारून सांगतो. म्हणजे नाई म्हणायचं काम माझ्यावर ढकललं."

"मग नाही कशाला म्हणता? तीनशेवी जयंती झाली. चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक झाली, तीनशे रुपयांचं नाणं निघालं, नगरचं अहिल्यानगर झालं. आपल्या चौकानंच काय घोडं मारलंय?"

"कोण नाई म्हणालंय? मला फक्त विचारायचंय त्यांना काहीतरी." कडकन एक हळकुंड मोडलं. "आधी मी काय बघितलं ते ऐक."

मग सुरू झालं. महेश्वरला किल्ल्यात बाई उभ्या आहेत, डोक्यावरून पदर, हातात शिवलिंग. पुतळ्यासमोर गर्दी होती ती फोटोची. एक बाई अगदी तसाच हात पुढं करून उभी राहिली, शिवलिंगाच्या जागी पाण्याची बाटली. काकूंच्या मंडळातल्याच होत्या त्या, पण नाव सांगायला त्या तयार नाहीत. सांगितलं असतं तरी मी कुणाला बोलले नसते, हे त्यांनाही पटलेलं दिसलं नाही.

"आणि राजवाडा?"

"राजवाडा म्हणायचा आपला. लाकडी खांब, मोठा चौक. चांगल्या पाटलाचा वाडा असतो तसा. मला वाटलं, हा पुढचा भाग असंल, खरा राजवाडा आत असंल. तर तेवढाच! आत बाईंची गादी ठेवलीय. पांढरी खोळ, मागं तक्क्या. बास. त्या गादीवर बसून तीस-एक वर्षं कारभार केला."

"अठ्ठावीस," ओट्यावरून काकांचा आवाज आला. काका इतिहासाचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कुणी आकडा चुकवला की पेपर आपोआप खाली येतो. "1767 ला बाईंचे चिरंजीव मालेराव गेले, तिथून 1795 च्या ऑगस्टपर्यंत. अठ्ठावीस."

"बरं, अठ्ठावीस. नवरा कुंभेरीच्या वेढ्यात गेला, सासरा गेला, वर्षाच्या आत पोरगा गेला. मंग शेवटाला जावई गेला आणि त्याच्यामागं पोरगी सती गेली. बाईंनी पाया पडून अडवलं तिला, ऐकलं नाई. स्वतःला सासऱ्यानं अडवलं तवा त्या थांबल्या होत्या." काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, नुसती हळद चाळली. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं आणि त्या भिंतीवर पुढं वाकल्या. आवाज खाली आला. गल्लीतल्या कुणाचं तरी काही असावं असं वाटून मीही वाकले. तर भानगड निघाली अडीचशे वर्षांपूर्वीची.

"ती आनंदीबाई होती ना, राघोबाची? दिसायला लई चांगली. तिला अहिल्याबाईंचं कौतुक ऐकून ऐकून कसंतरी व्हायचं. मंग तिनं एक बाई पाठवली, मुद्दाम, बघून ये म्हणली कशी दिसती ते."

"काहीतरीच!"

"ह्यांना विचार."

"माल्कमनं लिहून ठेवलंय," काका म्हणाले. "सर जॉन माल्कम. इंग्रजांनी माळवा घेतला तेव्हा हा तिथं आला. बाईंना जाऊन वीस-बावीस वर्षं झालेली, त्यांना बघितलेली माणसं जिवंत होती. त्यांना विचारून विचारून त्यानं 1823 साली पुस्तक काढलं."

"तर ती बाई परत गेली आणि म्हणली, रूपाला तशा काई नाईत, पण तोंडावर तेज असं हाय की देवाचंच म्हणावं. एवढं सगळं सांगितलं आणि आनंदीबाईनं काय ऐकलं? 'म्हणजे रूपाला नाई ना?' झालं. तिचा जीव भांड्यात पडला."

आम्ही दोघी खूप हसलो. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईंची आठवण दोघींनाही एकदमच झाली, पण तो विषय निघाला असता तर महेश्वर राहून गेलं असतं.

"आणि आता पुतळेवाल्यांनी काय केलं, तर सगळीकडं बाईंना देखणं करून टाकलं. आनंदीबाईला वरती झोप येत नसंल."

त्यावर मी मुद्दाम काशीचं काढलं. आमच्या समोरचे सर काशीला जाऊन आले, ते सांगत होते की 2021 साली विश्वनाथाचा नवा कॉरिडॉर झाला, तिथंही अहिल्याबाईंचा पुतळा बसवलाय. काकूंना ते पटकन मान्य होईना. महेश्वर बघून आलेल्या माणसाला काशीचं मोठेपण कशाला सांगायचं? पण पुतळा तिथं बसायलाच पाहिजे होता, कारण आज आपण विश्वनाथाचं म्हणून जे देऊळ बघतो ते 1780 साली त्यांनीच बांधलेलं. रणजितसिंहांनी कळसाला सोनं दिलं ते नंतरचं. काशी काही होळकरांच्या राज्यात नव्हती. सोमनाथ नव्हतं, गया नव्हती, तरी तिथंही बाईंनी देवळं बांधली.

"आणि औंढा?" मी म्हटलं. माहेरचा विषय आला की मलाही गप्प बसवत नाही.

औंढा आमच्या हिंगोलीपासून पंचवीस किलोमीटर. तेव्हा तो निजामाचा मुलूख. नागनाथाच्या देवळाला बाहेरून फेरी मारली की खाली काळा दगड दिसतो, यादवांच्या काळातला, हत्ती आणि देवादिकांच्या मूर्तींनी खच्चून भरलेला. मान वर करत गेलं की एका ठिकाणी कोरीवकाम थांबतं आणि वर साधं, फिकं बांधकाम सुरू होतं. जुन्या देवळाची मोगलाईत मोडतोड झाली, वरचं काम अहिल्याबाईंनी करवलं. लहानपणी आजी बोट दाखवून सांगायची, रंग बदलला तिथून अहिल्याबाई. नागनाथ स्वतः खाली तळघरात. अरुंद पायऱ्या, बसून सरकत उतरायचं, आणि उतरल्यावर ताठ उभं राहता येत नाही. शिवरात्रीला तिथं जे होतं ते बाहेरगावच्या माणसाला सांगून कळायचं नाही. नंदी मागच्या बाजूला का, तर नामदेवांना कीर्तनाला पुढून उठवलं, ते मागं जाऊन उभे राहिले, म्हणून देऊळच फिरलं. नामदेवांचं नरसी जवळ असल्यामुळं ही गोष्ट आमच्याकडं कुणी गोष्ट म्हणून सांगत नाही, काल घडल्यासारखी सांगतात.

"तेच म्हणते मी," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या राज्यात जाऊन देऊळ बांधायचं. तिथून सारा येणार नाई, महसूल येणार नाई. आणि पैसा कुणाचा?"

"खासगीचा," काका.

"थांबा हो, मला सांगू द्या. सासूचा! गौतमाबाईंचा. थोरल्या बाजीरावानं सुभेदारांच्या बायकोला वेगळा मुलूख नेमून दिला होता, खास तिच्या नावावर."

"1734 साली."

"त्याचं उत्पन्न घरातल्या बायकांचं. त्याच्यात नवऱ्यानं हात घालायचा नाई, दिवाणानं नाई. ती खासगी सासूकडून सुनेकडं आली. दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. दानधर्म केला तो खासगीतून." काकूंनी एक हळकुंड माझ्या दिशेनं रोखलं. "सासूची पेटी सुनेच्या हातात आली आणि सुनेनं अशी खर्च केली. आपल्याकडं सासू पेटीची किल्ली कमरेला लावूनच जाती."

काकूंच्या सूनबाई तेव्हा आत पोळ्या करत होत्या. लाटण्याचा आवाज थांबल्यासारखा वाटला. मी पटकन विचारलं, "पण राघोबा आला होता ना पैसे मागायला?"

"मागायला म्हणजे लुटायलाच. होळकरांच्या घरात बाई उरली, आता खजिना आपला. बाईंनी काय केलं, सगळ्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून संकल्प सोडला. म्हणल्या, हे आता धर्माचं. तुम्ही ब्राह्मण आहात, दान म्हणून पाहिजे तर हात पुढं करा, मंत्र म्हणून देते. पेशव्याच्या घरातला माणूस, दान घेणार होय?"

ही गोष्ट मी शाळेत ऐकलेली, आणि बहुतेक काकांच्याच तोंडून. पण भिंतीवर कोपर टेकून काकूंनी सांगितली तेव्हा राघोबा आमच्या वॉर्डातला एखादा माजी नगरसेवक वाटला.

एव्हाना काका पेपर घडी करून भिंतीपाशी आले होते. त्यांना महेश्वरचं वेगळंच दुःख. पूर्वी हिंगोलीहून तिकडं जायला ट्रॅव्हल्सची गरज नव्हती. छोट्या लाइनीवरून मीनाक्षी एक्सप्रेस जायची, पूर्णेहून हिंगोली, वाशिम, अकोला, अकोट, मग मेळघाटातून खंडवा. तिथून पुढं नर्मदेचा पूल, बडवाह, आणि महूचा घाट चढून इंदूर. बडवाहला उतरून पुढं महेश्वर गाठायचं. 2008 साली पूर्णा ते अकोला मोठी लाइन झाली, आणि अकोटपलीकडचं रुंदीकरण जंगलात अडकलं. आता भुसावळचा वळसा.

"आणि ती खंडवा-इंदूरची लाइन कुणाच्या पैशानं झाली?" काकांनी मला विचारलं, शाळेत विचारायचे तसं.

मी गप्प.

"होळकरांच्या! दुसऱ्या तुकोजीरावांनी 1870 च्या सुमारास इंग्रजांना एक कोटी रुपये दिले. साडेचार टक्क्यांनी, एकशेएक वर्षांच्या मुदतीवर."

"हे बघ," काकू म्हणाल्या, "नातू-पणतू येईपर्यंत घरात व्याज शिरलं. बाईंच्या हिशेबात व्याज नव्हतं. तिथं वर्षासन होतं. हे लक्षात घे, कारण मला त्या पोरांना हेच विचारायचंय. देऊळ बांधलं, घाट बांधला आणि निघून गेल्या असं नाई. पुजाऱ्याला काय, दिव्याच्या तेलाला काय, अन्नछत्राला काय, सगळं लावून दिलं. गंगेचं पाणी कावडीनं लांबलांबच्या देवांना न्यायचं, त्याची सुद्धा नेमणूक. आज सकाळी कुणाच्या लक्षात नाई राहिलं असं होणार नाई. महेश्वरला अजून ब्राह्मण बसतात सकाळी. मी डोळ्यांनी बघितलं. काळ्या मातीची एवढीएवढी लिंगं," त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं, "चिमटीत दाबून करायची, वर तांदळाचा एक दाणा, आणि पाटावर ओळीनं मांडायची. शेकड्यानं, हजारानं. बघता बघता पाट भरतो. पूजा झाली की सगळं नर्मदेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळायला बसले. पूर्वी सव्वा लाख करायचे म्हणं."

"खर्च कोण देतं आता?"

"खासगीचा ट्रस्ट झाला," काका म्हणाले, "1962 ला. देशभरातल्या अडीचशेच्या आसपास मालमत्ता त्याच्यात. त्यातल्या काहींच्या विक्रीवरून कोर्टबाजी झाली, पार सुप्रीम कोर्टापर्यंत. 2022 ला निकाल लागला की हे सार्वजनिक न्यासाच्या कायद्याखाली येतं."

"वकिलांचं वर्षासन तेवढं बाईंनी लावलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी वाटेतल्या एका गावाचं सांगितलं. बस चहाला थांबली होती. समोर चौकात एक पुतळा, फेटा, उपरणं, हातात गुंडाळलेला कागद. खांद्यावर कबुतरांनी असं करून ठेवलेलं की उपरणं दगडाचं की त्याचं ते कळेना. खालच्या फरशीवर नाव होतं, त्याच्यावर कुठल्यातरी क्लासची जाहिरात चिकटवलेली. काकूंनी चहावाल्याला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, सेठजी. कोणते सेठजी? बडे दानी थे. काय दान केलं? चहावाल्यानं विचार केला आणि म्हणाला, ये पुतला.

"आता मला सांग, त्या सेठजीनं शाळा बांधली असंल, धर्मशाळा बांधली असंल, विहीर खणली असंल. लोकांनी पुतळा बसवला आणि विहीर विसरले. मंग पुतळाही विसरले."

"माल्कमनं बैलांचं लिहिलंय ते सांगितलंस का हिला?" काकांनी विचारलं.

बैलांचं मला खरंच माहीत नव्हतं. उन्हाळ्यात वाटेवर जागोजाग माणसं नेमून वाटसरूंना पाणी द्यायचं, थंडीत गरिबांना कपडे द्यायचे, हे बाकीच्या राजेरजवाड्यांनीही थोडंफार केलेलं असतं. पण महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेले बैल उन्हात थांबवून त्यांना पाणी पाजायला बाईंनी माणसं ठेवली होती. आणि पाखरांचं त्याहून गमतीचं. शेतकरी गोफण घेऊन पाखरं हाकलतात, त्यांनी जावं कुठं? म्हणून उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन पाखरांना सोडून दिली. नदीतल्या माशांनासुद्धा चारा होता. माल्कम ब्रिटिश अधिकारी, लढाईवर आलेला माणूस. त्यानं लिहिलंय की मी खोदून खोदून विचारलं, पण बाईंविरुद्ध बोलणारं कुणी सापडलं नाही.

"आपल्या चौकात एक तरी असा सापडतो का बघ," काकू म्हणाल्या.

"आणि पोथीचं?" काका.

"ते तर मुख्य हाय!" इथं काकूंनी हळद पूर्ण बाजूला ठेवली. "एका ब्राह्मणानं बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला. बाईंनी सगळा ऐकून घेतला, मधे काई बोलल्या नाईत. त्याला वाटलं, आता कडं मिळतंय हातात. शेवटी बाई म्हणल्या, मी साधी, पापी बाईमाणूस, एवढ्या स्तुतीच्या लायकीची नाई. आणि तो ग्रंथ उचलून नर्मदेत टाकायला सांगितला. त्या ब्राह्मणाकडं पुन्हा बघितलं सुद्धा नाई. आता ही बाई चौकातला पुतळा बघून काय म्हणंल?"

"कुठं टाकायला सांगतील?" मी म्हटलं. "आपल्या कयाधूला उन्हाळ्यात तेवढं पाणी नसतं."

काका हसता हसता खोकायला लागले. तेवढ्यात गेट वाजलं आणि वर्गणीवाली पोरं आत आली. दोघंजण होते. एकाच्या हातात पावतीपुस्तक, दुसऱ्याच्या हातात पुतळ्याचा रंगीत फोटो, अश्वारूढ. घोड्याचे पुढचे पाय हवेत.

"काकू, दर्शन झालं का?"

"झालं रे. परवानगी काढली का पुतळ्याची? कलेक्टर ऑफिसची लागती."

"अर्ज दिलाय."

"बसल्यावर धुणार कोण?"

"जयंतीला धुतो की. ढोल-ताशा लावून."

"ते एक दिवस झालं. बाकीच्या दिवशी?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. पावतीवाला म्हणाला, "आधी बसू तर द्या."

"असं करा," काकू म्हणाल्या. "परवानगी येईपर्यंत चौकात बाईंच्या नावानं पाण्याचे दोन रांजण ठेवा. महिन्या-दीड महिन्यात ऊन तापतंय. खेड्यावरची माणसं दवाखान्याला येतात, कोर्टाला येतात, वीस रुपयांची बाटली घेतात. आणि खाली एक हौद करा, जनावराला."

"काकू, रांजण रोज भरणार कोण?" पोरगा एकदम म्हणाला.

"आता कसं बोललास! ते ठरव, आणि मंग वर्गणी घे. एक घर, एक वार. सोमवार माझा." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मंगळवार हिचा."

मला कुणी विचारलं नव्हतं. मंगळवारी आमच्याकडं पाण्याची पाळी नसते, हे मी सांगायला लागले, पण पोरानं तोवर पावतीच्या मागं लिहून घेतलं होतं. आता बुधवारला घर शोधा, असं म्हणून त्यानं पान उलटलं आणि पेन टेकवलं.

"वर्गणी किती टाकू?"

"पाचशे एक."

"नाव?"

"नाव टाकू नको," काकू म्हणाल्या. "बाईंनी स्वतःची पोथी बुडवली, मी पाचशे रुपयांत कशाला नाव लावून घेऊ?"

"टाक रे बाबा," काका म्हणाले. "नाव नसलं तर हिशेबाला बसल्यावर म्हणतील ह्या घरानं दिली नाही, आणि पुन्हा येतील मागायला."

काकूंनी जरा विचार केला. त्यात तथ्य होतं.

"बरं, टाक मंग नाव. पण पुढं कंसात गुप्तदान म्हणून लिही."